अण्णांच्या कयाकला नांगर

अभिनवने कोऱ्या पेटीतून ड्रिल मशीन बाहेर काढलं, तेव्हाच पूर्णिमेने ठरवून टाकलं, की अण्णांच्या कयाकला, त्या एकट्याने वल्हवायच्या होडीला, या माणसाच्या हातून एकही भोक पडू द्यायचं नाही. हा माणूस आपला सख्खा धाकटा भाऊ आहे, ही गोष्ट ती अशा वेळी बाजूला ठेवत असे.

अण्णांना, दोघांच्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या कर्वेनगरच्या सोसायटीने तेवढे दिवस दम धरला आणि मग पार्किंगमध्ये कागद चिकटवला: 'येथे समुद्र नाही. होडी रविवारपर्यंत हलवावी.' पूर्णिमेला राग आला नाही. सेक्रेटरी निदान मराठी बरं लिहीत होते.

पूर्णिमा बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती. तेव्हा कयाक वाघोलीला अभिनवकडे जाणार, यावर वाद नव्हता. पण अभिनवला ती नुसती न्यायची नव्हती. आधी कयाकला नांगराची 'सिस्टिम' बसवायची होती आणि रविवारी मुळशी धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला जायचं होतं. त्यासाठी त्याने पार्किंगच्या फरशीवर दोन कप्प्या, एक स्टीलची कडी, घडी होणारा चार पात्यांचा नांगर आणि लाल दोरीचं वेटोळं मांडून ठेवलं होतं. मांडणी सुरेख होती. मांडणी त्याला नेहमीच जमायची.

अण्णांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घडवत काढली. पुढे कंपनीने जुन्या माणसांना पैसे देऊन घरी बसवलं, जागा विकली आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका इमारतीत अभिनवला पहिली नोकरी लागली. अण्णांनी तेव्हा पेढे वाटले होते. पूर्णिमेने तो पेढा खाल्ला, पण तो अजून तिच्या गळ्याखाली उतरला नव्हता.

"हे कशासाठी?" तिने दोरीकडे बोट दाखवलं.

त्याने समजावून सांगितलं. एक कप्पी पुढच्या टोकाला, एक मागच्या. दोन्हींतून दोरीचा फेरा, फेऱ्यात कडी, आणि नांगराची दोरी त्या कडीतून. मग बसल्या जागेवरून फेरा ओढला की नांगराची दोरी पार टोकापर्यंत नेता येते.

"म्हणजे नाडी घालतोयस. लेंग्याला घालतात तशी."

"म्हण नाडी."

"अण्णांना कधी लागली नाही ती. त्यांची खुंटी होती सीटच्या उजव्या हाताला. दोरी सोडली, खुंटीला गुंडाळली, झालं."

अभिनव मोबाइलमध्ये बघत बसला. कुठल्यातरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ असणार, असं तिने गृहीत धरलं. बापाने आयुष्यभर लोखंडाला आकार दिला आणि मुलगा दोन स्क्रू पिळायला परदेशी मास्तर शोधत होता. पार्किंगमधला गारवा, सकाळचे अकरा, जिन्यावरून येणारा फोडणीचा वास, हे सगळं तिला अण्णांच्या वाटणीचं वाटत होतं आणि हा मध्येच चवड्यांवर बसला होता.

ती एकदाच अण्णांबरोबर फुगवट्यावर गेली होती, कयाक घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात. गाडीत बसून वाचत होती. मान वर केली तेव्हा अण्णा दूर पाण्यात, उजवीकडे वाकून, खुंटीला दोरी गुंडाळताना दिसले. तेवढं तिला पुरेसं होतं.

ती जागा दाखवायचीच म्हणून तिने बादलीत फडकं बुडवलं आणि सीटच्या बाजूची धूळ पुसली. खुंटी नव्हती. पिवळ्या प्लास्टिकवर दोन गोल ठिपके होते, भोकं बुजवून वरून घासलेली. बोट फिरवलं तरी लागू नयेत इतकी साफ. असं काम या घरात एकच माणूस करायचा.

"खुंटी कुठे गेली?"

"अण्णांनी काढली. मागच्या डिसेंबरात."

मग त्याने सांगितलं, तेही ती विचारत गेली म्हणून. नांगर तळाला धरून बसला होता, दोरी कुशीला, त्या खुंटीलाच बांधलेली. वारा सुटला आणि कयाक त्याला आडवी झाली. एक बाजू दोरीने खाली खेचली, दुसरी वाऱ्याने वर उचलली. अण्णा पाण्यात गेले. लाइफ जॅकेट होतं म्हणून तरंगले. अभिनव काठावर होता, तो पोहत जाऊन त्यांना घेऊन आला. चष्मा तळाशी राहिला. टोकाला बांधलेली कयाक वाऱ्याकडे नाक करून उभी राहते, उलटत नाही, हे अण्णांनी नंतर आठवडाभर कागदावर रेघा ओढून शोधून काढलं.

"तू काठावर कसा?"

"मी त्यांच्याबरोबर जायचो. दर दुसऱ्या रविवारी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"अण्णा नको म्हणाले."

"का?"

अभिनव ड्रिलचं टोक घट्ट करत राहिला. ते केव्हाच घट्ट झालं होतं.

"म्हणाले, पूर्णिमा रागवणार नाही. नुसती बघेल."

ती त्याच्याकडे बघतच होती. तिने नजर फडक्यावर आणली, फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. पाणी कधीच संपलं होतं.

मग तिने मोबाइलसाठी हात पुढे केला आणि त्याने तो दिला. व्हिडिओ नव्हता. आलेखाच्या कागदाचा फोटो होता, त्यावर अण्णांचं टोकदार पेन्सिलचं अक्षर, मापं मिलिमीटरमध्ये, खाली तारीख आणि सही, टूलरूममध्ये करायचे तशी. कप्प्यांची जागा लिहिली होती: टोकापासून २१०.

पूर्णिमेने टेप घेतली. अभिनवने केलेली खूण मोजली.

"दोनशे पंचवीसवर आहे तुझी खूण."

"पंधराने काय फरक पडतो?"

हे वाक्य त्याने अण्णांच्या कयाकवर वाकून उच्चारलं. वाघोलीत बहुधा इमारतीही अशाच बांधत असतील. तिने त्याची खूण ओल्या फडक्याने पुसली, पेन्सिल मागून घेतली आणि दोनशे दहावर बारीक फुली मारली.

"इथे. सरळ धर."

तिने कयाकचं टोक दोन्ही गुडघ्यांत घट्ट पकडलं. मशीन फिरलं, पिवळी सालपटं तिच्या साडीवर पडली. भोक पडलं. अगदी सरळ पडलं होतं, पण ते त्याला सांगायची तिला गरज वाटली नाही. ती टेप घेऊन मागच्या टोकाकडे गेली.