तव्यावरचा चिखल

संयमला मिळवायचा होता तो दुकानावरचा माळा. लोखंडी शिडीने चढायचं, वाकून बसायचं, महामार्गाकडे एक खिडकी आणि एक पंखा, जो वारा कमी देतो आणि कुरकुर जास्त करतो. एवढंच. त्याचे वडील धरमचंद यांना मिळवायचं होतं त्याहून मोठं: प्लॅस्टिकच्या पाइपांना जागा, आणि तिशीला टेकलेल्या मुलाच्या डोक्यातून रणगाडे कायमचे बाहेर. म्हणून त्यांनी सौदाच असा बांधला, की ढाल काही येत नाही आणि आपला काही तोटा नाही.

"पुण्याच्या त्या खेळण्यातल्या रणगाड्यांच्या स्पर्धेत ढाल आण, माळा तुझा. नाही आणलीस तर दिवाळीच्या आत पाइप वर."

कळंबच्या बाजारात या दुकानाची गंमत सगळ्यांना ठाऊक. धरमचंद खाली बसून गंज घालवायचा माल विकतात, रेड ऑक्साइड, पॉलिश पेपर, तारेचे ब्रश. आणि वर त्यांचा एकुलता एक नव्याकोऱ्या वस्तूंना गंज चढवत बसतो. शेजारच्या ट्रॅक्टर गॅरेजचा तन्वीर धरमचंदांच्या तोंडावर म्हणायचा, "शेट, तुमी घासा, पोरगं लावतंय. गिऱ्हाईक घरातच तयार व्हतंय की!"

यंदाचा रणगाडा वीतभर लांबीचा, एकाहत्तरच्या लढाईतला, पंजाबच्या सरहद्दीवरचा. सगळा झाला होता, राहिल्या होत्या साखळ्या, म्हणजे चाकांवरून फिरणारे पट्टे. तांदळाएवढी एकेक कडी संयमने चिमट्याने जोडली. त्यावर आधी काळपट तपकिरी रंग, मग गंजाचं पातळ पाणी, मग जिथे लोखंड रोज जमिनीला घासतं तेवढ्याच जागी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळायचं, म्हणजे तिथे चकाकी येते. शेवटी चिखल. ढाल चिखलावरच मिळते. रंग कोणीही देतो. गाडी कुठल्या मुलखातून आली ते चिखल सांगतो.

चिखलाच्या वाटेत उभ्या होत्या सज्जनबाई. संयमची आजी, घरात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. माळ्याच्या सौद्याला लेकाला त्यांनीच राजी केलं होतं आणि त्याबदल्यात नातवाकडून चातुर्मासाचा नेम घेतला होता. चार महिने कच्च्या मातीला हात लावायचा नाही. मातीत जीव असतात, उकरली की मरतात. नेम घेताना संयमने लगेच मान डोलावली, कारण तेव्हा चिखल लांब होता.

जवळ आला तशी त्याने नेमाला पळवाट काढली. माती तन्वीरकडून आणवली. घोड नदीच्या काठची, पिवळट, पंजाबच्या मातीला जवळची.

"उकरली मी, आणली मी," तन्वीर म्हणाला. "म्हंजे पाप माझ्या नावावर आन् ढाल तुझ्या. लई भारी धंदा हाय राव तुमचा."

"मी तरी हात कुठे लावतोय? ब्रशने लावणार."

"हे आजीला सांग की."

आजीला त्याने सांगितलं नाही. माती दमट होती म्हणून डबी उघडून मागच्या खिडकीत उन्हाला ठेवली आणि पुण्याला रंग आणायला गेला. मागची खिडकी स्वयंपाकघराची, हे त्या घरात जन्मलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने डबी वर नेली. माती अगदी मऊ, वस्त्रगाळ वाटली. त्याला आनंदच झाला. टर्पेंटाइन आणि गोंदात कालवली, कडीकडीच्या फटीत भरली. माळ्यावरचा दिवा मिणमिणता, आणि ओली माती कुठलीही असो, काळीच दिसते. सकाळी वाळली तेव्हा साखळ्या लाल झाल्या होत्या. कौलासारख्या लाल. रणगाडा पंजाबातून नव्हे, वीटभट्टीतून परत आल्यासारखा दिसत होता.

स्पर्धा दोन दिवसांवर. संयमने टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवला, तेवढ्यात शिडी करकरली. बाई वर येत होत्या. ज्यांना जैन स्थानकाच्या दोन पायऱ्या चढायला दोन माणसं लागतात, त्या बाई.

"बघू, कशी लागली माझी माती?"

"तुमची?"

"खिडकीत डबी दिसली. आधी वाटलं, चांगला कान पिरगाळावा. मग म्हटलं, आपलंच लेकरू, सावरून घेऊ." त्या धापा टाकत पेटाऱ्यावर बसल्या. "तव्यावर भाजली, चांगली खरपूस. फडक्यातून गाळली. भाजली की ती कच्ची नाही राहत. तुझा नेम शाबूत."

"पण बाई, भाजताना जीव मरतातच की."

"मरतात ना. ते माझ्याकडे. त्यांचा उपवास काल करून टाकला मी."

काल बाई जेवल्या नव्हत्या. संयम त्यांच्या शेजारी बसून दोन वेळा जेवला होता. त्याने ब्रश पुसून ठेवला.

"छान लागलीय," तो म्हणाला.

तन्वीरने रणगाडा पाहून कपाळाला हात लावला. "आरं, वरनं पिवळी पिवडी मार. तुमच्याच दुकानात मिळती. कुणाला कळतंय?"

"उपवास झालाय त्या मातीवर. त्यावर रंग कसा मारू?"

"मग ढाल?"

संयमने रणगाडा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला.

पुण्याला परीक्षक मॅडमनी भिंग लावून साखळ्या बघितल्या. शिशाच्या चकाकीवर खूश झाल्या, मग थबकल्या. "पंजाबात ही अशी माती?"

"नाही."

"मग कुठली?"

"घरची," संयम म्हणाला. त्या हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

रात्री तो रिकाम्या हाताने परतला तेव्हा धरमचंद गल्ल्यावर होते, बाई शेजारच्या खुर्चीत.

"काय कमी पडलं?" धरमचंदांनी विचारलं.

"चाकं. थोडी तिरकी बसली."

"तरी म्हटलं," बाई म्हणाल्या, "माती तर चांगली होती."

धरमचंदांनी चष्मा लावून रणगाडा उजेडात धरला. हा माणूस तीस वर्षं गेरू आणि पिवडी विकतोय. पिवळी माती भाजली की लाल होते, हे त्याला शिकवायला नको. त्यांनी साखळ्यांकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा साखळ्यांकडे. चाकं दोरी लावल्यासारखी सरळ होती.

"हो," ते म्हणाले. "चाकंच तिरकी आहेत."

पाइप आले ते दिवाळीच्या आधीच. पण वर नाही चढले. मागच्या खोलीत, धरमचंदांची दुपारची खाट होती तिथे रचले गेले. "माळ्याला वजन झेपायचं नाही," त्यांनी जाहीर केलं.

"जन्मभर त्याच्याच खाली बसताय शेट," तन्वीर म्हणाला, "आन् हे आत्ता कळलं व्हय?"

"तू तुझा ट्रॅक्टर बघ."

तर वसुली अशी झाली. ढाल संयमने भरली. दुपारची झोप धरमचंदांनी. हल्ली ते गल्ल्यावरच डुलक्या काढतात आणि पांढरा रंग मागितला की लाल काढून देतात. उकरण्याचं पाप तन्वीरच्या नावावर, त्याचं ओझं त्याला काडीचं नाही. राहिले मातीतले जीव. त्यांचं सज्जनबाईंनी भरलं, बाकीच्यांना काही भरावं लागेल हे कळायच्याही आधी, एक दिवस उपाशी राहून, भरल्या ताटाशेजारी बसून.