यारीवर कोण?

साहेबरावचा आणि त्याच्या लेकीचा, संध्याचा, अबोला दिवाळीत सुरू झाला तो होळी आली तरी सुटेना. बाप टेंभुर्णीत, लेक पुण्यात ट्रेनिंगला. तिचा फोन आला की साहेबराव तो कानाला न लावता सरळ बायकोच्या हातात द्यायचा. दोघांचे निरोप पोचवता पोचवता नंदाबाई मेटाकुटीला आली होती.

कारण एवढंच की पोरीला मेट्रोत नोकरी लागली होती, आणि ती नोकरी जमिनीखाली होती.

साहेबराव हा जुना यारीवाला. विहीर खणताना काठावर लोखंडी यंत्र बसवतात, तारेनं माणसं खाली सोडायला आणि दगडमाती वर ओढायला, ती यारी. तिच्या ब्रेकवर हात ठेवूनच त्याचं उभं आयुष्य गेलं. त्या धंद्याचे दोन कायदे होते. कुठं लिहिलेले नव्हते, पण ते मोडणाऱ्याला कुणी कामावर घेत नसे. खाली माणूस असेपर्यंत यारीवाल्यानं जागा सोडायची नाही, घोटभर पाण्यासाठीसुद्धा नाही. आणि वरच्या-खालच्यात अबोला असेल तर त्या दिवशी विहिरीत उतरायचं नाही. आधी भांडण मिटवायचं, मग तार धरायची.

त्याचा धाकटा भाऊ भुजंग काही भांडून उतरला नव्हता. चांगला हसत उतरला होता. मुरमाचा कडा सुटला आणि भुजंग खाली राहिला. साहेबरावचा हात ब्रेकवरच होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून यारी अंगणात गंजत उभी होती, आणि आपल्या घरातलं कुणी पुन्हा जमिनीच्या पोटात उतरणार नाही, हे साहेबरावनं पक्कं करून टाकलं होतं. पोरगी निघाली ती नेमकी तिकडंच.

सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. शनिवारी ती घरी आली आणि हातातली बॅगही खाली न ठेवता बापासमोर उभी राहिली.

"आबा, तुमच्याशी अबोला ठेवून मी खाली उतरणार न्हाई. तुमचाच कायदा हाये. तुम्ही न्हाई म्हणा, मी नोकरी सोडते. पण आधी एकदा बघा तरी, मी कुठं चाललेय ते."

साहेबराव चपापला. ओरडणाऱ्या पोरीला कसं गप्प करायचं ते त्याला ठाऊक होतं, पण ही तर ऐकायला तयार होऊन आली होती. "बघायला काय जातंय," तो म्हणाला, पण पोरीला नाही, ओसरीच्या खांबाला.

संध्यानं शाळेतून कबड्डीचं मैदान आखायची फक्की मागून आणली आणि अंगणात रेघा ओढायला लागली. खरं स्टेशन आखायचं तर रेघ घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत गेली असती, म्हणून तिनं ते आटोपशीर केलं. नंदाबाई कोंबड्या हाकलत बडबडत होती, की आत्ता सकाळीच सारवलं होतं, साऱ्या अंगणाचा सत्यानाश केला.

"इथं आधी भाजीमंडई होती," संध्या सांगू लागली. "लई जुनी. तिच्याच खाली स्टेशन करायचं ठरलं."

"मंडई मोडली?" साहेबरावच्या तोंडून निघून गेलं. अबोला तिथंच सुटला, पण दोघांनीही तसं दाखवलं नाही.

"न्हाई ना. आधी अर्धी जागा घेतली, भाजीवाले उरलेल्या अर्ध्यात सरकले. मंग कडंकडंनं जमिनीत खोल भिंती उतरवल्या. भिंती पक्क्या झाल्या, मंग मधली माती काढली. वर छप्पर टाकलं, छपरावर परत मंडई. आता वर मेथीच्या जुड्या विकतेत अन् खालून गाडी चाललीय."

"थांब. आधी भिंत? खड्ड्याच्या आधी?"

"हो. आधी भिंत."

साहेबराव त्या पांढऱ्या रेघेकडं बघत राहिला. भुजंगच्या विहिरीलाही भिंत बांधायची होतीच. दगड आणून काठावर रचून ठेवले होते. पण विहिरीचं तसंच असतं, आधी खड्डा आणि मग बांधकाम. त्याला एकदम रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून तो खाली वाकून चपला काढायला लागला. विहिरीत उतरणारा माणूस चपला काठावर ठेवूनच उतरतो. अनवाणी पायांनी त्यानं रेघ ओलांडली.

संध्या पुढं, तो मागं. "हा जिना. हा मधला मजला, इथं तिकिटं. ही काचेची खोली माझी, सगळे कॅमेरे इथं दिसतेत. इथून अजून एक जिना खाली, मंग फलाट. दोन्ही अंगांनी रूळ, दोन्ही टोकांना बोगदे. अन् ही हवा यायची वाट, आपल्या विहिरीसारखीच उभी, थेट वरपर्यंत."

साहेबराव फलाटावर, म्हणजे तुळशीपासून गोठ्यापर्यंत, दोनदा चालला. बोगद्यात डोकावल्यासारखा गोठ्यात डोकावला. मग परत फिरून त्यानं विचारलं, "समदं बराबर हाये. पण यारीवर कोण?"

"म्हणजे?"

"एवढी माणसं खाली सोडता. मंग वर कोण बसतं? काही झालं तर जागा न सोडणारा माणूस कोण?"

संध्या सांगायला लागली, की पंखे आहेत, धूर ओळखणारी यंत्रं आहेत, सगळ्या लाइनीवर लक्ष ठेवणारं मोठं ऑफिस आहे.

"मी यंत्राचं न्हाई इचारलं. यंत्र माझ्याकडंबी व्हतं. माणूस कोण?"

असं तिला ट्रेनिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं. "मीच," ती सावकाश म्हणाली. "धूर झाला, दिवे गेले, तर सगळ्यांना वर धाडायचं. खाली कुणी राह्यलं न्हाई ह्याची खात्री झाली की मंग शेवटी मी वर यायचं. तोवर जागा सोडायची न्हाई."

इतके महिने साहेबराव समजून चालला होता की पोरगी भुजंगच्या वाटेनं चाललीय. ती तर बापाच्या जागेवर बसणार होती. पण ही यारीवाली वर बसणार नव्हती, खालीच बसणार होती.

"अन् तुझ्यासाठी वर कोण?"

संध्या फक्कीनं पांढरे झालेले हात ओढणीला पुसत उभी राहिली.

"मंग मी बसतो," साहेबराव म्हणाला. "जा तू. पण वर आली की पहिला फोन मला. तोवर मी जेवणार न्हाई."

"शुगरच्या गोळ्या चालू हायेत तुमच्या!" नंदाबाई आतून कडाडली. "ती तिकडं नोकरी करंल अन् तुम्ही इकडं चक्कर येऊन पडाल!" पण ती डोळे पुसत होती, आणि पोरीसाठी दशम्या बांधायलाही लागली होती.

सोमवारी संध्याची पहिली पाळी दुपारी दोनला सुटायची होती. साहेबराव सकाळीच अंगणात जाऊन यारीच्या गंजक्या बैठकीवर बसला. दोन वाजून गेले. नंदाबाईनं ताट आणून ठेवलं, त्याच्यावर दुसरं ताट पालथं घातलं, आणि ती दोनदा येऊन बोलून गेली. अडीच झाले. फोन त्याच्या मांडीवर होता, पण त्यानं लावला नाही. खालच्याला कामात हाक मारायची नसते.

तीन वाजायला आले तेव्हा फोन वाजला. मागून भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता.

"आबा, बदलीच्या माणसाला उशीर झाला, म्हणून थांबले. आत्ता वर आले."

"बराबर केलं," साहेबराव म्हणाला. ताट ओढायला त्यानं दुसरा हात पुढं केला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो हात सकाळपासून ब्रेकवरच होता. तळवा गंजानं लाल झाला होता. जणू भुजंग गेला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यानं तो ब्रेक सोडला, आणि बायकोला पाणी मागितलं.