सांध्याशेजारी

सटवा लोहाराने तुटलेले कडे उचलून उन्हात धरले. तुटल्या तोंडाचा बराचसा भाग जुन्या गंजाने काळा पडला होता. काठाची नखाएवढी कडच तेवढी चकाकत होती. म्हणजे चीर कधीचीच आत सरकत होती. लोखंड एका दिवसात दगा देत नाही, दगा कळतो मात्र एका दिवसात.

समोर भिवराबाई बसली होती. भरलेली मोट वर आली तेव्हा हेच कडे तुटले आणि मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्यावर वाकलेला तिचा नवरा त्रिंबक मोटेबरोबर विहिरीत गेला. बाहेर काढल्यावर फार दिवस जगला नाही.

"तुमचा सांधा शाबूत हाय, सटवाभाऊ," ती म्हणाली. "शेजारी तुटलंय. चौकशीला आलेले अमीनसायब बी बोलले, लोखंडच खराब. ह्यांनी तर जाताजाता सांगितलं, सटवाला बोल लावू नका."

सटवाने मान खाली घातली. चौसाळ्याच्या भर बाजारात त्रिंबक एकदा म्हणाला होता, "तुझा सांधा म्हंजी पापड बे!" दोस्ताची चेष्टा, हसून सोडायची. पण सटवाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने ह्याच कड्याचा सांधा दुप्पट जाड ठोकून दिला. जाड सांधा जराही लवत नाही. मग मोटेचा प्रत्येक हिसका शेजारच्या बारीक लोखंडाला सोसावा लागतो. बापाने हे शिकवले होते. रागात आठवले नाही आणि पुढे आठवले तेव्हा कबूल करायची लाज वाटली.

दसरा आला की गावातली कडी तपासायला त्याच्याकडे येत. त्यात चीर दिसलीच असती. पण त्रिंबक पुन्हा आला नाही. रुसला असेल, म्हणून सटवाही त्याच्या मळ्याकडे फिरकला नाही.

"पहिल्यावानीच जाड करा," भिवराबाई म्हणाली. "त्यांचा लई भरवसा हुता."

सटवाने नवा सांधा जुळवला आणि जाडी दोन्हीकडे हळूहळू उतरेपर्यंत ठोकत राहिला.

"बारीक कावून केला?"

कडे राखेत निवायला ठेवून तो म्हणाला, "वैनी, दर दसऱ्याला हे आणत जा. त्रिंबक रुसला, आलाच न्हाई."

"रुसले? न्हाई ओ." तिने पदराने डोळे पुसले. "दरसाल मी म्हनायची, कडं न्या. तर म्हनायचे, एकदा चेष्टा केली ती लई लागली त्याला. आता तपासाया नेलं तर म्हनंल, अजून माझ्यावर भरवसा न्हाई."