पुढे गेलेला पास

आपल्याकडे कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथे ओळखीचं कोण आहे?" नाशिकरोडच्या नवनाथ पगारेंच्या घरीही त्या शुक्रवारी तो निघाला, आणि उत्तर ऐकून ते हरखलेच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीच्या, सृष्टीच्या रग्बी संघाचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता आणि रेफरी होती शेजारच्या बिल्डिंगमधली चैताली. संध्याकाळीच नवनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या दारात हजर झाले.

"अन्याय कर म्हणत नाही मी," ते म्हणाले. "फक्त आपल्या पोरीकडे जरा लक्ष असू दे."

चैताली हसली. "काका, तुम्ही ओझरला विमानाच्या कारखान्यात पार्ट तपासता ना? दोस्ताने केलेला पार्ट केसभर चुकला, तर पास कराल?"

"छे, लोकांच्या जिवाशी खेळ आहे तो."

"माझ्याकडेही तसंच आहे. पोरी धावत येऊन एकमेकींना पाडतात. आज ओळखीपोटी एक चूक सोडली, तर उद्या एखादीची मान मोडेल. रेफरीला नियम पाठ हवेत, शेवटपर्यंत पळायचा दम हवा आणि नजर सगळ्यांसाठी सारखी हवी. सृष्टी माझ्या ओळखीची आहे, हे मी दोन्ही संघांना आधीच सांगितलंय."

पेढे तिने परत दिले. 'पोरगी फारच शहाणी झालीय,' असं पुटपुटत नवनाथ घरी आले.

शनिवारी शेवटचं मिनिट उरलं तेव्हा सृष्टीचा संघ तीन गुणांनी मागे होता. तिने पास दिला आणि तिच्या संघातल्या पिंकीने रेषेपलीकडे जाऊन चेंडू टेकवला, म्हणजे पाच गुण. पालक नाचू लागले, तोच चैतालीची शिट्टी वाजली. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकायचा नसतो, आणि सृष्टीचा पास पुढे गेला होता. गुण रद्द झाले.

"विकली गेली ही!" नवनाथ गरजले.

सृष्टी मात्र शांतपणे रेफरीजवळ गेली. दोन वाक्यं बोलली, मान हलवून जागेवर परतली. सामना हातचा गेला.

पालकांनी लगेच तक्रार लिहिली. चैतालीला यापुढे एकही सामना देऊ नये, अशी मागणी होती. त्या पालकांतल्या भारतरावांनी पेन पुढे केलं. "पगारे, तुम्ही तिचे शेजारी. पहिली सही तुमची."

तेवढ्यात घामाने निथळत सृष्टी आली. "पप्पा, रग्बीत रेफरीशी फक्त कॅप्टन बोलतो. कॅप्टन मी आहे. मी विचारलं, मॅडमनी सांगितलं, विषय संपला. पास पुढेच गेला होता."

नवनाथांची मान खाली गेली. पोरीला कळलं ते आपल्याला कळू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पेन परत दिलं.

"सही कशी करू, भारतराव? काल मीच तिच्याकडे वशिला लावायला गेलो होतो. ती विकली जाणारी असती, तर आज आपण जिंकलो असतो."

भारतरावांनी कागद फाडून टाकला.

मंडळी, प्रामाणिक माणसं हवीत असं आपण सगळेच म्हणतो, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची झळ आपल्याला लागली की त्यांनाच झोडपतो. निकाल आपल्या विरुद्ध गेला असतानाही जो खऱ्या पंचाच्या पाठीशी उभा राहतो, त्यालाच न्याय मागायचा हक्क आहे.