सहा नंबरचे बिऱ्हाड

सोमवारी सकाळी व्हर्ला स्टॅम्परने चार चादरी धुऊन सहा नंबरच्या घरापुढच्या दोरीवर वाळत घातल्या. त्या घरात कुणीच राहत नव्हते. युद्ध सुरू झाल्यावर गोदीतल्या कामगारांसाठी आणि आरमारातल्यांच्या बायकामुलांसाठी कॅलिफोर्नियाच्या खाडीकाठी ही लाकडी घरे घाईघाईने उठली होती. सहा नंबरचे बिऱ्हाड पाच महिन्यांपूर्वी घरवाटपाच्या कचेरीला न कळवताच ओक्लाहोमाला परत गेले. घरासाठी थांबलेल्यांच्या यादीत पुढचे नाव होते एका काळ्या कुटुंबाचे. म्हणून घरांच्या त्या रांगेतल्या गोऱ्या बायका त्या घराचे भाडे मिळून भरत आणि तपासनिसाला घर भरलेले दिसावे म्हणून पाळीपाळीने कपडे वाळत घालत. याला त्या शेजारधर्म म्हणत. दुष्टपणाला इतके गोड नाव क्वचितच मिळते.

"पुढच्या सोमवारी माझी पाळी," शेजारची हॅस्क्यूबाई म्हणाली. "पण तुझ्यासारख्या पांढऱ्याशुभ्र चादरी नाहीत हं माझ्याकडे."

गोदीत व्हर्लाच्या जोडीला वेल्डिंगवर ओझेला प्रुइट होती. ती काळी. नवरा युद्धनौकेवर, आणि ही तान्ह्या मुलीला घेऊन चिखलात उभ्या, चाकांवरच्या गळक्या ट्रेलरमध्ये राहत होती.

"पोरीचा खोकला हटत नाही गं," ती जेवताना म्हणाली. "यादीत पहिलं नाव आमचं, तरी कचेरीत विचारावं तर एकच पालुपद, घर रिकामं नाही."

"मिळेल गं," व्हर्ला म्हणाली. सहा नंबरबद्दल सांगायचे तिने टाळले. रांगेतल्या बायका वाळीत टाकतील, ही भीती मोठी होती.

पंधरा दिवसांत पोर न्यूमोनियाने गेली. चौथ्या दिवशी ओझेला कामावर आली, तेव्हा व्हर्लाने तिला सगळे सांगून टाकले.

ओझेलाने हातमोजे चढवले. "मला कशाला सांगतेस? जिथं सांगायचं तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ला कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. "सहा नंबर रिकामं आहे. कपडे आम्हीच वाळत घालतो. मीसुद्धा. ते ओझेला प्रुइटला द्या."

कारकुनाने यादी चाळली. "तिचं नाव कालच कमी केलं. मूल नाही, नवरा बोटीवर. एकटीला कुटुंबाचं घर मिळत नाही, बाई."

त्या नावावरची काट आपल्या हातची आहे, हे व्हर्लाला कळले. तिला रडायचीही लाज वाटली.

"तिच्याखाली कोण आहे?"

"तेही काळेच. तीन मुलं आहेत. पण रांगेतल्या बायका तुम्हाला जगू देणार नाहीत."

"ते माझं मी बघेन. किल्ली त्यांना आजच द्या, माझ्यासमोर द्या."