राहिलेली खोली

तिने सुरीने खोका फाडला आणि जमिनीवर बसवायची पहिली लाकडी पट्टी स्वतःच ओढून बाहेर काढली. सुतार कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काकू, कालच आलंय लाकूड. खोलीची हवा लागू द्या त्याला. नवी नवरीच समजा, जरा घरात रुळू दे."

"मला कुणी दिला होता वेळ रुळायला? दुसऱ्याच दिवशी अख्खं स्वयंपाकघर गळ्यात पडलं."

तो हसला, पण हातोडी उचलेना.

"दमट हवेत फुगेल. पट्ट्या उचलल्या गेल्या की शिव्या मलाच खायच्या आहेत."

"फुगू दे. तोवर..." ती थांबली. "पुढचं पुढे. त्यांना आज घरी आणतायत."

सुतार हातोडी घेऊन खाली बसला. या घराचा पाया खणला जात होता तेव्हा काका उन्हात खुर्ची टाकून बसायचे, गवंड्यांशी हुज्जत घालायचे. पुढे दवाखाना मागे लागला. लाकडाचे नमुने तिने तिथेच नेले. त्यांनी एकेकावरून तळवा फिरवला आणि गडद रंगाचा तुकडा ठेवून घेतला. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांचा एकच हट्ट उरला होता. जे काही व्हायचं ते आपल्या घरात, आपल्या खोलीत. सगळं घर उभं राहिलं, लाकूड तेवढं उशिरा आलं, आणि नेमकी तीच खोली राहिली.

दुपारपर्यंत अर्धी जमीन झाकली गेली. ती पट्ट्या हातात देत होती, तो खाचेत खाच बसवून ठोकत होता.

फाटकाशी गाडी थांबली. तिने केस सारखे केले. गाडीचं एकच दार वाजलं.

मुलगा एकटाच आत आला. तो खोलीच्या दारातच थांबला आणि आईकडे न बघता सुताराला म्हणाला,

"मिस्त्री, राहू द्या आता. सावकाश बसवा. घाई नाही."

सुताराने हातोडी आवाज न करता खाली ठेवली.

तिच्या हातात एक पट्टी होती. तिने पदराने तिच्यावरचा भुसा पुसला.

"घरी आणायचंय ना त्यांना?"

"आई, तू जरा बस आधी."

"आणायचंय की नाही?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग घाई आहे," ती म्हणाली आणि वाकून तिने पट्टी खाचेला लावली. "ठोका, मिस्त्री."