नळावरच्या गाण्याला पडलेला चरा

मित्रांनो, मी एक जुने गाणे आहे. इटलीच्या दक्षिणेतल्या एका तहानलेल्या गावात, सार्वजनिक नळाच्या रांगेत माझा जन्म झाला. फिलोमेना रिकामी बादली आपटून ओरडली, "नळाला थेंब नाही, अन् मंत्र्याच्या कारंज्याला सुट्टी नाही!" रांगेत अकॉर्डियन घेऊन बसलेल्या ओरोन्झोने ते वाक्य जसेच्या तसे उचलले आणि चाल लावली. तेच माझे धृपद झाले.

पुढे माझी तबकडी निघाली. न्हाव्याच्या दुकानात, समुद्रावर, लग्नात लोक मला गाऊ लागले आणि मी हुरळून गेले. मंत्रिमहोदयांना मात्र मिरच्या झोंबल्या. रेडिओ केंद्रावर माझ्या तबकडीवर खिळ्याने चरा ओढला गेला, म्हणजे चुकूनही कुणी वाजवू नये. ओरोन्झोला गायची बंदी झाली आणि लोकही घाबरून गप्प बसले. न गायलेले गाणे मरते, मित्रांनो. मला फार भीती वाटत होती.

मग गावच्या संताचा उत्सव आला. बँडमास्तर पाल्मिरोने मला वाजवायची परवानगी मागितली.

"वाजवा की!" नगराध्यक्ष हसले. "नुसत्या चालीला कुठं दात असतात? पण एक शब्द जरी ऐकू आला, तर पुढच्या वर्षी शेजारच्या गावचा बँड बोलावीन."

आमच्याकडे बँड म्हणजे गावाचे नाक. पाल्मिरोने ओरोन्झोला तोंड मिटून बसायला बजावले.

दिव्यांच्या मंचावर कर्णे वाजू लागले. अख्खा चौक ओठ आवळून ऐकत होता. धृपद आले आणि पहिल्या रांगेतून एक थरथरता आवाज उठला, "नळाला थेंब नाही..."

ती डोनाटा आजी होती, नगराध्यक्षांची आई.

"आई, गप्प बस ना!"

"का रे? आपल्या घरी बादल्या कोण वाहतं, तू की मी? चल, पुढची ओळ म्हण!"

नगराध्यक्षांनी मान खाली घातली. फिलोमेना खदखदून हसली आणि गाऊ लागली. पाठोपाठ ओरोन्झो, मग सगळा चौक. केवढा तो आवाज! मी एवढेसे गाणे, आणि माझ्यात एवढी माणसे मावली! मी थक्क झाले. गर्दीत नगराध्यक्षांचेही ओठ हलताना मी पाहिले.

पुढच्या वर्षी बँड आमचाच होता.

आज माझी तबकडी कुठल्याशा खोक्यात धूळ खात आहे. ती पुसली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. तुमच्या गावच्या नळावर जन्मलेले एखादे गाणे असेल, तर ते तेवढे तोंडात असू द्या. तिथवर कुणाचा खिळा पोहोचत नाही.